दोन मिनिटं कुठल्या घड्याळाची?

खात्यावरचे व्यवहार मंजूर करायचे की नाकारायचे, हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी डेटाबेस (माहिती साठवायची व्यवस्था) कुठला घ्यावा, असं एकाने विचारलंय. अहो, कुठलाच नको! स्टँडर्ड इनपुटवरून, म्हणजे प्रोग्रॅमला थेट पुरवलेल्या मजकुरातून, जेसनची (माहिती लिहायच्या एका मजकुरी पद्धतीची) एकेक ओळ वाचायची, एका ओळीत एक व्यवहार, खात्याची स्थिती मेमरीत ठेवायची, निकाल छापायचा, बास.

खरी गोम 'दोन मिनिटांत तीनपेक्षा जास्त व्यवहार नकोत' या नियमात आहे. मी आधी संगणकाचं घड्याळ वापरलं. चाचणीच्या फाइलीत सकाळचे कंदी पेढे, दुपारचं पेट्रोल, संध्याकाळची भाजी, रात्रीचं जेवण असा साताऱ्यातला अख्खा दिवस होता. प्रोग्रॅमने तो क्षणात वाचला, चारही व्यवहार त्याच दोन मिनिटांतले धरले आणि चौथं, जेवण, नाकारलं! वेळ व्यवहाराच्या ओळीतलीच घ्या. नाकारलेले व्यवहार, माझ्या मते, त्या तिनांत मोजू नयेत. आणि रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा. फ्लोटमध्ये (संगणकाच्या दशांश संख्यांच्या प्रकारात) ०.१ अधिक ०.२ म्हणजे ०.३०००००००००००००००४ येतात, पेढेवालाही हसेल.