सासऱ्यांबरोबर फुटबॉल बघायचंय, पण नेमकं बघू काय?

फोंडेकरीण:
माझं माहेर सावंतवाडीचं, घरात क्रिकेट सोडून दुसरा खेळ नाही. लग्न होऊन फोंड्यात आले तर सासरे निघाले जुने गोलकीपर! गावच्या टीमकडून खेळायचे. भात कापून झालं की शेतातच गोल उभे राहायचे म्हणे. सासूबाई गेल्यापासून एफसी गोवाची मॅच एकटेच बघतात, नवरा दुकान बंद करून येईपर्यंत संपलेली असते. म्हणून मी बसायला लागले. पण चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि शेवटी शून्य-शून्य. सासरे मात्र "वा, काय मॅच झाली!" मी मान डोलावते, आणि ती खोटी आहे हे त्यांना कळतं. ऑफसाइड शिकून झालं. नियम नकोत, बघायचं कसं ते सांगा.

मडगावकर:
चेंडू सोडा. सासरे गोलकीपर ना, मग कीपरलाच बघा. टीव्हीवर तो फारसा दिसत नाही, त्यांना घेऊन फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जा. चेंडू पलीकडे असताना आपला कीपर बॉक्सच्या टोकापर्यंत आलेला असतो, ओरडून डिफेंडरना सरकवत असतो. गोल २४ फूट रुंद, ८ फूट उंच. एकटा माणूस गोलरेषेवर उभा राहून काय झाकणार? म्हणून पुढे येतो, मारणाऱ्याला दिसणारी जागा कमी करतो. जागा नीट धरणाऱ्याला झेप कमी वेळा घ्यावी लागते.
आणि येताना रोस ऑम्लेट खा, हे नियमातच आहे.

वास्कोचा म्हातारा:
त्यांच्यासमोर ब्रह्मानंद संखवाळकरांचं नाव काढा. १९८३-८४ची संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची स्पर्धा, गोव्याने एकही गोल न खाता जिंकली, गोलात ब्रह्मानंद. मग तुम्हाला काही विचारावं लागणार नाही. १९९२च्या बॅकपासच्या नियमाबद्दलही छेडा. आपल्याच खेळाडूने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू तेव्हापासून कीपरला हातात घेता येत नाही. आमच्या पिढीतले कीपर त्यावर अजून धुसफुसतात.

फोंडेकरीण:
जाऊन आलो. गुडघ्यामुळे पायऱ्या चढायला वेळ लागला, पण जागा गोलामागेच मिळाली. फ्री किकला कीपर खांबाला चिकटून खेळाडूंची भिंत लावत होता, तर सासरे इकडून ओरडतायत, "अजून एक माणूस डावीकडे!" त्याने तसंच केलं. ऐकू गेलं असणं शक्य नाही, पण यांची कॉलर ताठ. नंतर एका क्रॉसला, म्हणजे बाजूने गोलासमोर आलेल्या चेंडूला, कीपर अर्धा बाहेर येऊन थबकला आणि "आता मेला" असं माझ्याच तोंडून गेलं. सासरे वळून बघायला लागले. ब्रह्मानंदांचं नाव परतीच्या वाटेवर काढलं, फोंडा येईपर्यंत पुरलं.
आता एक भांडण सोडवा. कीपरने चेंडू धरून ठेवला तेव्हा रेफरी हात वर करून बोटं मोजत होता. सासरे म्हणतात सहा सेकंद, मग फ्री किक. मागचा मुलगा म्हणाला कॉर्नर. खरं कोणाचं?

मडगावकर:
मुलाचं. २०२५पासून आठ सेकंद, शेवटचे पाच रेफरी बोटांनी मोजतो, आणि उशीर झाला की समोरच्या टीमला कॉर्नर. सहा सेकंद आणि इनडायरेक्ट फ्री किक हा त्याआधीचा नियम. सासऱ्यांना तुम्हीच सांगा, मी सांगणार नाही.