शुल्काचा बोजा नेमका कोणावर पडतो?
अनेकदा म्हटलं जातं की कांद्यावरचं निर्यातशुल्क परदेशी ग्राहक भरतो, शेतकऱ्याचं त्यात काय जातं? इथेच गफलत होते.

मे 2024 चा हिशोब बघा. कांद्याच्या निर्यातीवरची बंदी उठली, पण किमान निर्यात मूल्य (ज्याच्या खाली निर्यात करता येत नाही तो भाव) टनाला 550 डॉलर आणि त्यावर 40 टक्के शुल्क. म्हणजे माल 770 डॉलरच्या खाली जाऊच शकत नव्हता. 83 रुपयांच्या डॉलरने एकट्या शुल्काचे किलोला सुमारे 18 रुपये. दुबईत पाकिस्तानचा कांदा शेजारीच विकायला असतो, त्यामुळे निर्यातदाराला हे 18 रुपये ग्राहकावर ढकलता येत नव्हते. तो ते लासलगावच्या लिलावात बोली कमी करून वसूल करायचा. आणि ती पडलेली बोली देशातच विकल्या जाणाऱ्या कांद्यालाही लागायची, हे लोक विसरतात.

8 डिसेंबर 2023 ची बंदी तर याहून वाईट वेळी आली. तेव्हा बाजारात खरिपाचा लाल कांदा होता. त्यात पाणी जास्त, काही आठवड्यांत सडतो. उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत साठवून भावाची वाट बघता येत नाही. मिळेल त्या भावाला विकणं भागच होतं.

1 एप्रिल 2025 पासून शुल्क शून्य झालं, तरी तुटलेले परदेशी ग्राहक लगेच परतत नाहीत. ज्याला वेळेवर माल मिळाला नाही, तो दुसरा पुरवठादार धरतो. देशातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा द्यायचाच असेल, तर सरकारने राखीव साठा बाजारात आणावा आणि शुल्काचे टप्पे लागवडीआधी जाहीर करावेत.