मदत हवी आहे: स्पॅनिशमध्ये 'ते असं म्हणाले' नीट कसं लिहायचं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी सांगलीत मार्केट यार्डाजवळ हळद निर्यात करणाऱ्या एका ऑफिसात कागदपत्रांचं काम बघते. स्पॅनिश ए-२ पातळीपर्यंत ऑनलाइन झालंय, आता बी-१ (त्याच्या वरची पातळी) चालू आहे. आमचं एक गिऱ्हाईक बालेन्सियाचं आहे (आपण व्हॅलेन्सिया म्हणतो ते). फोनवर बोलणं झालं की आमचे साहेब म्हणतात, "काय ठरलं ते लेखी पाठवून ठेवा, उगाच नंतर 'मी असं म्हटलोच नव्हतो' नको." त्यामुळे अख्खा मेल 'तुम्ही म्हणालात की', 'तुम्ही विचारलंत की', 'तुम्ही सांगितलंत की अमुक करा' अशाच वाक्यांचा.

क्लासमध्ये हे इंग्रजीच्या डायरेक्ट-इनडायरेक्टवरून शिकवतात. म्हणजे डोक्यात मराठी, मधे इंग्रजी आणि बाहेर स्पॅनिश. मराठीत आपण काळ बदलायच्या भानगडीत पडतच नाही. 'उद्या पाठवतो म्हणाला', झालं काम.

त्या माणसाची खरी वाक्यं देते. स्पॅनिश देवनागरीत लिहितेय, उच्चार समजून घ्या.

'मान्याना मान्दारे एल कोन्त्रातो' (उद्या करारपत्र पाठवतो)
'मान्देन ला फाक्तूरा' (इन्व्हॉइस पाठवा)
'क्वान्दो साले एल कोन्तेनेदोर?' (कंटेनर कधी निघतोय?)

ही तिन्ही 'तुम्ही म्हणालात' च्या पोटात कशी घालायची? नुसती उत्तरं नकोत, का ते पण सांगा.

भडंगवाला

ताई, मोबाईलला विचारा की. दोन सेकंदात करून देतंय.

कृष्णाकाठची

देतंय दादा, पण एकदा भविष्यकाळ देतंय, एकदा दुसरंच काहीतरी. दोन्ही बरोबर म्हणतंय. त्यातलं कुठलं पाठवायचं ते मलाच ठरवायला लागतंय ना.

दक्षिणदिशा

मी बरीच वर्षं स्पॅनिश शिकवते. तुमचा मोबाईल दोन्ही वेळा बरोबरच सांगतोय. त्यावर खाली येते.

आधी 'म्हणणे' या क्रियापदाचा काळ बघा. 'दीसे के' (म्हणतो की) असेल तर आतलं वाक्य ज्या काळात आहे त्यातच राहतं, फक्त माणूस बदलतो. 'दिहो के' (म्हणाला की) आलं की आतलं वाक्य एक पायरी मागे जातं. वर्तमानाचा इम्परफेक्ट (अपूर्ण भूतकाळ) होतो: 'एस्तोय' (मी आहे) चं 'एस्ताबा' (होतो). झालेल्या गोष्टीचा प्लूपरफेक्ट (पूर्ण भूतकाळ) होतो: 'मान्दे' (पाठवलं) किंवा 'ए मान्दादो' (पाठवलंय) चं 'आबिआ मान्दादो' (पाठवलं होतं). भविष्याचा कंडिशनल (संकेतार्थी रूप) होतो: 'मान्दारे' चं 'मान्दारिआ'. मूळ वाक्यातच इम्परफेक्ट, प्लूपरफेक्ट किंवा कंडिशनल असेल तर मागे सरकायला जागाच उरत नाही, ते तसंच राहतं.

आणि 'के' गाळायचा नाही. मराठीत 'येतो म्हणाला' मध्ये 'की' लागत नाही, इंग्रजीतही तो खुशाल गाळतात. स्पॅनिशमध्ये मात्र तो हवाच.

तुमचं पहिलं वाक्य ('उस्तेद' म्हणजे आदरार्थी 'आपण'): 'उस्तेद दिहो के मान्दारिआ एल कोन्त्रातो आल दिआ सिगिएन्ते'. 'मान्याना' चं 'दुसऱ्या दिवशी' झालं. पण मेल त्याच दिवशी लिहीत असाल तर उद्या अजून उद्याच आहे, मग 'मान्याना' ठेवा. इथेच मोबाईलचा घोळ सुटतो. पाठवण्याचा दिवस अजून यायचा असेल तर 'दिहो के मान्दारा' असा भविष्यकाळही चालतो. बोललेली गोष्ट अजून खरी असेल तर पायरी सोडली नाही तरी चालते. दिवस उलटून गेला असेल तर मात्र 'मान्दारिआ' च.

पाटणखोरे

सातारकरांची हजेरी लावून घ्या. 'बेनीर' म्हणजे येणे, त्याचं 'मी येईन' हे 'बेंद्रे' होतं. हे कळल्यापासून आमच्या शेजारच्या बेंद्रेकाकांना कुणीही हाक मारली की मला वाटतं ते कुठूनतरी येणार आहेत. बाकी प्रश्नाशी याचा संबंध नाही, चालू द्या.

तंबोऱ्याची_तार

मी मिरजेचा, स्पेनमध्ये शिकायला होतो. दक्षिणदिशा यांनी काळाचं सांगितलं, मी दुसऱ्या वाक्याबद्दल सांगतो, कारण तिथे आपल्या मराठी माणसाला खरं तर सोपं जायला हवं आणि आपण इंग्रजीतून जाऊन ते अवघड करून घेतो.

'इन्व्हॉइस पाठवा' ही आज्ञा आहे. इंग्रजीत 'अमुक करायला सांगितलं' असं नुसत्या क्रियापदाच्या मूळ रूपाने भागतं, म्हणून विद्यार्थी स्पॅनिशमध्येही तेच घुसवतात. स्पॅनिशमध्ये तिथे सबजंक्टिव्ह लागतो. आता हे मराठीत नीट म्हणून बघा: 'तुम्ही सांगितलंत की आम्ही इन्व्हॉइस पाठवावं'. हे 'पाठवावं' आहे ना, आपला विध्यर्थ, तेच काम तिथे सबजंक्टिव्ह करतो. सगळीकडे ही जोडी जुळत नाही, पण सांगितलेल्या, विनवलेल्या, सुचवलेल्या गोष्टीत छान जुळते. वाक्य मराठीत 'करावं, यावं, पाठवावं' असं बसत असेल तर स्पॅनिशमध्ये बेलाशक सबजंक्टिव्ह लावा.

याचा पडताळा एका जोडीत बघा. 'दीसे के बिएने' म्हणजे येतो म्हणतोय. 'दीसे के बेंगा' म्हणजे ये म्हणतोय, यावं असं सांगतोय. क्रियापद तेच, 'के' तोच, आतलं रूप तेवढं बदललं आणि बातमीचा हुकूम झाला.

'दिहो' किंवा 'पिदिओ' (विनंती केली) भूतकाळात असेल तर सबजंक्टिव्हही भूतकाळी: 'उस्तेद नोस पिदिओ के मान्दारामोस ला फाक्तूरा'. गिऱ्हाइकाला लिहिताना 'पेदिर' (विनंती करणे, मागणे) हेच क्रियापद घ्या. 'तुम्ही आम्हाला सांगितलंत की पाठवा' पेक्षा 'पाठवावं अशी विनंती केलीत' हे मराठीतही बरं दिसतं. फक्त 'पेदिर' आणि 'प्रेगुन्तार' यांची गल्लत नको. वस्तू किंवा काम मागितलं तर पेदिर, माहिती विचारली तर प्रेगुन्तार.

दक्षिणदिशा

विध्यर्थाची जोडी मी वर्गात वापरतेच, फक्त एक सांभाळा. 'त्याने आता पोचलेलं असावं' मध्ये पण '-आवं' आहे, पण तो अंदाज आहे. तिथे ही युक्ती लावू नका.

तिसरं वाक्य राहिलं. प्रश्नशब्द (कधी, कुठे, काय) असेल तर तोच जोडणी करतो: 'उस्तेद प्रेगुन्तो क्वान्दो सालिआ एल कोन्तेनेदोर'. प्रश्नचिन्ह जातं, पण 'क्वान्दो' वरचा तिरका फराटा, म्हणजे अ‍ॅक्सेंट जात नाही, कारण आत प्रश्न शिल्लक आहे. हो-नाही छापाचा प्रश्न असेल तर 'सि' लावा. 'तेनेमोस' म्हणजे आमच्याकडे आहे, भूतकाळात 'तेनिआमोस'. म्हणून 'प्रमाणपत्र आहे का असं विचारलंत' हे 'प्रेगुन्तो सि तेनिआमोस सेर्तिफिकादो' असं होईल.

कृष्णाकाठची

तंबोरादादा, 'पाठवावं' डोक्यात बसलं. आता एक शंका. त्याने फोनवर असंही विचारलं होतं की माल महिनाअखेर पोचेल का. वरच्या नियमाने 'सि येगारिआ' व्हायला पाहिजे. पण आम्हाला क्लासमध्ये घोकून घेतलंय की 'सि' नंतर कंडिशनल कधीच नाही!

दक्षिणदिशा

घोकून घेतलेलं बरोबर आहे, पण ते 'जर' वाल्या 'सि' बद्दल आहे. 'जर माल पोचला असता तर' यात 'सि' नंतर कंडिशनल आला तर परीक्षक लाल रेघ ओढणार. तुमचा 'सि' म्हणजे 'का' आहे, 'पोचेल का'. तिथे भविष्याचा कंडिशनल बिनदिक्कत होतो. 'प्रेगुन्तो सि येगारिआ' अगदी शुद्ध. मराठीत 'जर' ठेवून वाक्य बसतंय का बघायचं, नाही बसलं तर तो नियम लागू नाही.

भडंगवाला

एक विचारू का? 'मान्दारिआ' म्हणजे 'मी पाठवेन' की 'तो पाठवेल'? मगाचपासून कळेना झालंय.

तंबोऱ्याची_तार

भडंगवाले, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. दोन्ही. कंडिशनल, इम्परफेक्ट आणि भूतकाळी सबजंक्टिव्ह या तिघांत 'मी' आणि 'तो/आपण' यांची रूपं सारखीच असतात. बोलताना संदर्भाने कळतं. व्यवहाराच्या मेलमध्ये संदर्भावर सोडू नका. स्पॅनिशमध्ये सर्वनाम गाळायची सवय लावतात, पण इथे मुद्दाम लिहायचं: 'उस्तेद दिहो के उस्तेद मान्दारिआ'. हे कानाला जड वाटलं तर 'कोमो उस्तेद दिहो, उस्तेद मान्दारा' (आपण म्हणाल्याप्रमाणे, आपण पाठवाल) असं फिरवून घ्या. करारपत्र कोण पाठवणार यावरून वाद होण्यापेक्षा वाक्य जड परवडलं.

कृष्णाकाठची

मेल तयार करतेय. ऑफिसच्या कीबोर्डवर अ‍ॅक्सेंट नाहीत म्हणून मी ते टाकत नाही, आतापर्यंत कुणी काही बोललं नाही. चालून जाईल ना?

दक्षिणदिशा

एरवी चालून जातं, या मेलमध्ये नाही. 'मान्दारा' शेवटच्या अक्षरावर जोर देऊन म्हटलं आणि शेवटच्या 'आ' वर अ‍ॅक्सेंट लिहिला तर तो भविष्यकाळ, 'पाठवेल'. जोर मधल्या 'दा' वर आणि अ‍ॅक्सेंट नसेल तर तो सबजंक्टिव्ह, 'पाठवावं'. म्हणजे 'उस्तेद दिहो के मान्दारा एल कोन्त्रातो' यात तो तिरका फराटा राहिला की 'तुम्ही पाठवाल असं म्हणालात' चं 'मी पाठवावं असं म्हणालात' होऊन बसतं. देवनागरीत दोन्ही सारखंच दिसतंय, म्हणून तर इथे लक्षात आलं नाही.

विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन स्पॅनिश कीबोर्ड जोडून घ्या, फुकट आहे. फोनवरून लिहीत असाल तर अक्षर दाबून धरलं की वर पर्याय येतात. आणि रूपाबद्दल शंका असेल तेव्हा रेआल आकादेमिया एस्पान्योला (ही संस्था १७१३ पासूनची आहे) हिच्या शब्दकोशाच्या साइटवर क्रियापद शोधा, तिथे सगळी रूपं अ‍ॅक्सेंटसकट मिळतात. 'मान्दार' तिथे एकदा उघडून कंडिशनल आणि सबजंक्टिव्हचे रकाने कागदावर उतरवून टेबलाला चिकटवून ठेवा. मेल पाठवायच्या आधी इथे टाकलात तरी चालेल, गिऱ्हाइकाचं नाव आणि दर तेवढे काढून.