सॉफ्टवेअर ‘गोठलं’ की तुम्ही काय करता? अनुभव लिहा

महिनाअखेर, पगारपत्रक, आणि सॉफ्टवेअर ढिम्म! तीनदा टास्क मॅनेजरमधून बंद केलं, तीनदा उघडलं. चौथ्यांदा सहज ऑल्ट-टॅब दाबलं तर मागे इवलीशी खिडकी: ‘बदल जतन करायचे का?’ बिचारं माझ्या उत्तरासाठी खोळंबलेलं आणि मी त्याचाच गळा दाबत होते. तुमच्याकडे काय काय झालंय?

जुना कारकून: क्लिक केल्यावर टण् आवाज येत होता का? आला तर बहुधा कुठेतरी प्रश्न विचारून बसलंय. खरंच अडकलेलं असेल तर टण्ही करत नाही. माझी खिडकी तर काढून नेलेल्या दुसऱ्या मॉनिटरवर उघडत होती! ऑल्ट-स्पेस, मग एम, एकदा बाणाची कळ, की माउसला चिकटून येते.

आकडेमोड: एक्सेल उघडायला दोन-दोन मिनिटं. रॅम वाढवून झाली. कारण निघालं डिफॉल्ट प्रिंटर, जो कधीच भंगारात गेला होता. पानाची मांडणी ठरवायला एक्सेल प्रिंटरला विचारतं, आणि पलीकडे कुणीच नाही. डिफॉल्ट पीडीएफवर ठेवला, संपलं.

रात्रपाळी: काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) चालणारा बॅकअप सकाळी जिथल्या तिथे. वर शीर्षकात ‘सिलेक्ट’ लिहिलेलं. कुणीतरी चुकून आत क्लिक केलं होतं, तेवढ्याने तो थांबतो. एस्केप दाबलं, निघाला पुढे.

आयटीवाला: सगळ्यांनी मजेशीर लिहिलंय, माझं रडकं आहे. ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसलं म्हणजे मेलं असं नव्हे. खिडकीने 5 सेकंद विंडोजला ओ दिली नाही, इतकंच. वर्षअखेरीचं क्लोजिंग (हिशेब बंद करणं) चालू होतं, ते अडकलं समजून मी 40 मिनिटांनी मारलं. अर्ध्या नोंदी नव्या वर्षात, अर्ध्या जुन्यात. आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून अख्खा दिवस परत भरला. आता आधी टास्क मॅनेजरमध्ये त्या प्रोग्रामपुढचे सीपीयू आणि डिस्कचे आकडे बघतो. हलत असतील तर हात मागे. अगदी निपचित असेल तर विंडोजच्याच रिसोर्स मॉनिटरमध्ये प्रोग्रामवर राइट-क्लिक करून ‘अ‍ॅनालाइझ वेट चेन’. कुणासाठी अडलंय ते बऱ्याचदा तिथे कळतं.

आकडेमोड: 40 मिनिटं धीर धरलात हेच खूप!

धागाकर्ती: टण् आवाजाचं पटलं. पण स्पीकरची वायर त्रास होतो म्हणून मीच काढून ठेवलीय. जोडते आज.