मदत हवी आहे: मिक्स्ड रिअ‍ॅलिटी हेडसेट रोज वापरणारे कुणी आहे का?

नमस्कार मंडळी,

एका मित्राचा हेडसेट तासभर डोक्यावर चढवून पाहिला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. समोर खरी खोली आणि तिच्यात हवेत तरंगणारा भलामोठा पडदा! सिनेमा पाहताना अक्षरशः हरखून गेलो. पण तासाभराने गाल आणि कपाळ दुखायला लागलं, आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणंही अवघडल्यासारखं वाटलं.

आता घ्यायचा विचार आहे, पण मन धजावत नाही. अ‍ॅपलचा व्हिजन प्रो २०२४ मध्ये अमेरिकेत ३,४९९ डॉलरला आला. वजन ६०० ग्रॅमच्या वर, बॅटरी वेगळी, वायरने जोडलेली, आणि ती साधारण दोन तास चालते. चष्मा असेल तर भिंगांचा खर्च निराळा (मला चष्मा आहे). मेटाचा क्वेस्ट ३ त्याआधी, २०२३ मध्ये, ४९९ डॉलरला आला होता. म्हणजे फरक सातपट! व्हिजन प्रोचा पडदा जास्त सुस्पष्ट आहे हे मान्य, पण तेवढ्यासाठी इतके पैसे?

माझी खरी शंका वेगळीच आहे. फोनशिवाय आपलं पान हलत नाही, तसं या यंत्राशिवाय अडणारं एक तरी काम आहे का? मला तरी अजून सापडलेलं नाही.

ज्यांनी सहा महिने किंवा जास्त वापरलाय, त्यांनी कृपया सांगा: अजून रोज हातात घेता, की कपाटात पडून आहे? चष्मेवाल्यांचा अनुभव तर नक्की हवाय.