मदत हवी आहे: ऑफिसचे कागद स्कॅन होताहेत, पण बॅकअपचं काय?

मंडळी, ऑफिसातल्या फायली हळूहळू स्कॅन करून कपाटं रिकामी करायची आहेत. स्कॅनिंगची घडी बसली आहे: ३०० डीपीआय, ओसीआर (म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखून शोधता येईल असा मजकूर) करून पीडीएफ/ए (दीर्घकाळ जपण्यासाठीचा पीडीएफ), आणि नावात सुरुवातीलाच तारीख, तीही २०२४-०३-१५ अशी वर्षापासून, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. फिकट पडलेल्या थर्मल पावत्या मात्र ओसीआरला दाद देत नाहीत. त्यांचा तपशील हातानेच टाकतो.

घोडं अडलंय बॅकअपपाशी. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत दुसऱ्या जागी, हा ३-२-१ नियम ठाऊक आहे. सध्या लॅपटॉप, एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि क्लाउड सिंक आहे. पण सिंकला बॅकअप म्हणायला मन धजत नाही. इकडे फाइल उडाली की तिकडेही उडते, आणि रॅन्समवेअर (फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर लॉक झालेल्या फायलीही इमानेइतबारे वर चढतात. जुन्या आवृत्त्या मिळतात, पण बहुतेक ठिकाणी ठरावीक मुदतीपुरत्याच.

तर, आणखी एक डिस्क घेऊन दोन्ही आलटून पालटून जोडाव्यात, की नॅस (नेटवर्कला जोडलेली स्टोरेजची पेटी) घेऊन स्नॅपशॉट (फायलींची त्या त्या वेळची जशीच्या तशी स्थिती) ठेवावेत? डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केली तर रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यास ती उघडणारा कोड) तुम्ही कुठे ठेवता? (कागदावर लिहून कपाटात, असं उत्तर आलं तरी चालेल!) आणि अधूनमधून बॅकअपमधून फायली रिस्टोअर करून (परत आणून) बघायचं, हे कुणी खरंच पाळतं का?