मदत हवी आहे: चेलो आणि कंपोझिशन, दोन्ही एकत्र?

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याचे. घरात पेटी-तबला, आणि लेकीने धरला चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ! कदंबाच्या बसमध्ये कंडक्टर त्या धुडाकडे बघून कुरकुरतो, पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात. तेही निभावलं.

आता बारावीनंतर तिला इटलीतल्या पालेर्मोच्या चेलोवादक-संगीतकार जोवान्नी सोल्लिमासारखं (जन्म १९६२) स्वतः रचून स्वतःच वाजवायचंय. तो चेलो अंतोनियो यानिग्रो या चेलोवादकाकडे शिकला, रचना (कंपोझिशन) वडिलांकडे. इथे वडील म्हणजे मी, भैरवीपलीकडे गाडी जात नाही.

कुणाच्या मुलांनी हे केलंय का? प्रवेशासाठी चेलो मुख्य धरावा की कंपोझिशन? पोर्टफोलिओत स्वतःच्या किती रचना लागतात, आणि एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या चालतात का? चवथीच्या आत कळलं तर बरं.